नाव नसलेल्या घरातील हिंसाचार

(अहेरी येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)

या शिबिराच्या विषयपत्रिकेवर वनहक्काचे दावे आहेत, तेंदूपत्त्याची मजुरी आहे, सूरजागडची खाण आहे. त्या ओळीत समलिंगी आणि पारलिंगी माणसांच्या घरांतील मारझोड हा विषय वाचून काही साथींनी काल संध्याकाळी मला विचारले, की हा तर मुंबई-पुण्याचा प्रश्न. प्राणहितेच्या काठी तो कशाला आणलात? विचारणाऱ्यांच्या मनात कुचेष्टा नव्हती, म्हणून उत्तरही सरळच दिले पाहिजे. ते देण्यापूर्वी याच जिल्ह्यातली एक जुनी हकीकत मी आपल्याला आठवून देते. आपल्यापैकी बहुतेकांना ती अर्धी ठाऊक आहे.

26 मार्च 1972 च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो 26 ऑगस्ट 1982 रोजी. 'मथुरा प्रकरण' म्हणून हा खटला देशभर गाजला. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने 1974 साली आरोपींना सोडले, नागपूर खंडपीठाने 1976 साली शिक्षा दिली आणि सप्टेंबर 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. कारण काय, तर मुलीच्या अंगावर जखमेची खूण नाही आणि तिने प्रतिकार केल्याचा पुरावा नाही. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चौघांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, ठिकठिकाणी निदर्शने झाली, 1983 साली बलात्काराचा कायदा बदलला. एवढे आपल्याला पाठ आहे.

पण ती मुलगी त्या रात्री पोलीस ठाण्यात आली कशी? तिच्या भावाने तक्रार केली होती म्हणून. आईबाप नसलेली, मजुरी करणारी ही मुलगी ज्या घरी कामाला जात असे, त्या घरच्या नात्यातल्या एका तरुणाशी तिचे मन जुळले आणि त्याच्याशी लग्न करायचे तिने ठरवले. भावाने ठाण्यात जाऊन लिहून दिले, की माझ्या बहिणीला पळवून नेले आहे. जबाबासाठी सगळ्यांना बोलावण्यात आले, आणि सगळे बाहेर पडत असताना तिला एकटीला मागे थांबवून घेण्यात आले. म्हणजे पोलिसांना त्या घरात आणले ते घराने. आपला जोडीदार आपण निवडण्याचा हक्क मुलीने बजावला, तो घरच्यांना सोसला नाही, आणि घरच्यांची सत्ता जिथे अपुरी पडली तिथे सरकारची सत्ता मदतीला बोलावण्यात आली.

आज एखादी मुलगी दुसऱ्या मुलीबरोबर राहायला निघून जाते तेव्हा काय होते ते पाहा. अपहरणाची नाही तर बेपत्ता झाल्याची तक्रार होते, पोलीस दोघींना गाठतात, 'समजूत घालून' एकीला बापाच्या ताब्यात देतात, आणि त्यानंतर दार बंद करून जे होते त्याची नोंद कुठेही राहत नाही. मोबाइल काढून घेणे, कोंडून ठेवणे, देवऋषाकडे नेणे, डॉक्टरकडे नेऊन 'बरी करा' म्हणणे, आणि पंधरवड्यात कोणाच्या तरी गळ्यात बांधून देणे. या शेवटच्या गोष्टीला आपण लग्न म्हणतो. तिथे त्या मुलीच्या संमतीवाचून रोज जे घडते त्याला काय म्हणायचे, ते आपणच ठरवा. मदुराईच्या दोन तरुणी अशाच पळून चेन्नईला आल्या, तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी निकालाआधी स्वतः एका मानसतज्ज्ञाकडे बसून हा विषय समजून घेतला, आणि जून 2021 मध्ये पोलिसांना या जोडप्यांना छळू नका असे आदेश दिले. मला विषय कळत नाही, तो शिकतो, असे उघड म्हणणारा न्यायाधीश मला तरी विरळा वाटतो. ऑगस्ट 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने अशा माणसांना 'बदलण्याचे' उपचार हे डॉक्टरांचे गैरवर्तन ठरवले. मार्च 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांना सांगितले, की अशी व्यक्ती समोर आली तर तिचे म्हणणे खाजगीत ऐका, तिचे मन वळवायला तिला समुपदेशनास पाठवू नका, आणि जन्माच्या घराइतकेच माणसाने निवडलेल्या घरालाही मोल द्या.

म्हणून हा मुंबईचा विषय नव्हे. मथुरा प्रकरणाच्या धक्क्यातून 1980 साली मुंबईत बलात्काराविरुद्धचा स्त्रियांचा मंच उभा राहिला, आणि त्याच चळवळीतल्या काही कार्यकर्त्या 1995 साली स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या स्त्रियांच्या 'स्त्री संगम' या गटात होत्या. देसाईगंजहून निघालेली वाट तिथवर गेली होती.

येथवर मी जन्माच्या घरातल्या हिंसाचाराबद्दल बोलले. त्याबद्दल बोलणे तसे सोपे आहे, कारण त्यात जुलूम करणारा बाहेरचा असतो. अवघड भाग पुढे आहे. दोन स्त्रिया, दोन पुरुष, किंवा एक पारलिंगी आणि तिचा जोडीदार यांनी सगळ्या जगाशी भांडून एक घर मांडले, आणि त्या घरातच एक दुसऱ्याला मारू लागला, तर?

अशा वेळी त्या समाजातली माणसेसुद्धा गप्प बसतात. आधीच लोक आपल्याला विकृत म्हणतात, 6 सप्टेंबर 2018 पर्यंत कायदा आपल्याला गुन्हेगार म्हणत होता, आता आपल्याच घरातली भांडणे चव्हाट्यावर आणली तर लोकांच्या हाती कोलीतच मिळेल, असे ते म्हणतात. ही भाषा आपल्या ओळखीची नाही का? कामगार चळवळीत ही भाषा आपण ऐकली आहे. संपाच्या काळात युनियनचा पुढारी घरी बायकोला मारतो हे सगळ्या चाळीला ठाऊक असायचे आणि कोणी बोलायचे नाही, कारण मालकाला आयते निमित्त नको. दलित आणि आदिवासी स्त्रियांनी घरातल्या जाचाबद्दल तोंड उघडले तेव्हा त्यांनाही हेच सांगण्यात आले, की आधी बाहेरचा शत्रू, मग घरातले पाहू. ते 'मग' कधी आले नाही. एका अन्यायाशी लढणाऱ्या समूहाला आपल्या पोटातला अन्याय झाकण्याची सवलत देणे हे समाजवादी माणसाला शोभणारे नाही. ती सवलत आपण स्वतःच्या संघटनेला दिली आणि तिची किंमत स्त्रियांनी मोजली.

हिंसाचार फक्त पुरुषाच्या स्नायूंत असतो, दोन स्त्रियांत तो कुठून येणार, अशीही एक भाबडी समजूत आहे. अमेरिकेतल्या रोगनियंत्रण केंद्रांनी 2010 साली देशव्यापी पाहणी केली. जोडीदाराकडून आयुष्यात कधीतरी बलात्कार, मारहाण किंवा पाठलाग सोसलेल्या स्त्रियांचे प्रमाण भिन्नलिंगी स्त्रियांत सुमारे 35 टक्के, समलिंगी स्त्रियांत सुमारे 44 टक्के आणि उभयलिंगी आकर्षण असलेल्या स्त्रियांत सुमारे 61 टक्के निघाले. यावरून घाईने निष्कर्ष काढू नये. या तिसऱ्या गटातल्या स्त्रियांना छळणारे बहुतांशी पुरुषच होते. पण समलिंगी स्त्रियांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणींना छळणाऱ्या केवळ स्त्रियाच होत्या, हेही त्याच पाहणीत आहे. आपल्याकडे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लग्न झालेल्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे 29 जणींनी नवऱ्याचा हिंसाचार सोसल्याचे सांगितले. हा आकडा नवऱ्यांचा आहे. ज्या घरात नवरा नाही ते घर त्यात कसे यावे?

मारझोड दिसायला सारखीच असते, पण अशा घरात तिला काही वेगळी हत्यारे मिळतात. पहिले म्हणजे बिंग फोडण्याची धमकी. 'तू गेलीस तर तुझ्या भावाला सांगेन', 'शाळेत कळवीन, नोकरी जाईल'. आश्रमशाळेत शिक्षक असलेल्या माणसाला या एका वाक्यावर दहा वर्षे गुलाम करून ठेवता येते. हात उचलावाच लागत नाही. दुसरे म्हणजे एकटेपण. सासरी मार खाणारी स्त्री निदान माहेरी जाऊन रडते. परत पाठवले तरी चार दिवस तिथे काढते. इथे माहेर आधीच तुटलेले असते. 'आम्ही सांगत होतो ना' हे ऐकायला कोण परत जाईल? मित्रमंडळही दोघांचे एकच, आणि लहान गावात तर ते पाच-सात जणांचे. पारलिंगी व्यक्तीची औषधे लपवणे, ओळखपत्र दडवून ठेवणे, 'तू खरी बाई नाहीसच' असे चारचौघांत म्हणणे, हेही मारच आहेत. शिवाय बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांना हे दिसतच नाही. दोन पुरुष भांडले तर ती मारामारी, दोन स्त्रिया भांडल्या तर तो कलागतीचा स्वभाव. पोलीस आले तर दोघांनाही बसवून ठेवतात, नाहीतर अंगापिंडाने दांडगा कोण ते पाहून त्याला आरोपी करतात. खरे पाहायचे असते ते वेगळेच: कोण कोणाला भितो? पैसा, किल्ली आणि मोबाइल कोणाच्या हातात आहे?

हिजड्यांच्या घराण्यांत आणखी एक गुंता असतो. घरातून हाकललेल्या पोराला गुरू आसरा देते, पोटाला घालते, बोलीभाषा आणि रीत शिकवते. ते उपकार खरे आहेत आणि समाजाने जे केले नाही ते घराण्याने केले, हे आधी मान्य केले पाहिजे. पण त्याच नात्यात कमाईचा वाटा, रीत मोडली तर पंचांनी बसवलेला दंड, तो फेडेपर्यंतचे कर्ज, आणि घराणे सोडून जाऊ पाहणाऱ्या चेल्याला मारहाण, हेही असते. वेठबिगारी ज्यांनी पाहिली आहे त्यांना कर्जाने माणूस कसा बांधला जातो हे मी सांगायला नको. बाहेरच्या माणसाने यात सुधारकाच्या ऐटीत शिरू नये. आतल्या चेल्यांनी तोंड उघडले तर त्यांच्या पाठीशी मात्र उभे राहावे.

आता कायदा. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. मारहाण, लैंगिक छळ, शिवीगाळ व मानसिक छळ आणि आर्थिक कोंडी हे चारही त्यात हिंसाचार मानले आहेत. पुष्कळ कार्यकर्त्यांना वाटते की हा कायदा फक्त सुनांचा. तसे नाही. रक्ताच्या नात्याने एका घरात राहणारी मुलगीही बापाविरुद्ध, भावाविरुद्ध त्याखाली दाद मागू शकते, आणि त्याच घरात राहण्याचा हक्कही मागू शकते. मैत्रिणीवर प्रेम केले म्हणून कोंडलेल्या मुलीसाठी हे मोठे हत्यार आहे आणि ते आपण जवळजवळ वापरतच नाही. पूर्वी तक्रार प्रौढ पुरुषाविरुद्धच करता येई; ऑक्टोबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते दोन शब्द रद्द केले. म्हणजे आता मारणारी स्त्री असली तरी ती सुटत नाही. मार्च 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अमित बोरकर यांनी लिंगबदलाची शस्त्रक्रिया करून स्त्री म्हणून जगणाऱ्या पारलिंगी पत्नीला या कायद्याखाली पीडित स्त्री मानले आणि नवऱ्याने तिला पोटगी द्यावी हा खालचा आदेश कायम केला. जून 2025 मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानेही पारलिंगी स्त्रीला नवऱ्याच्या क्रूरतेविरुद्ध तक्रारीचा हक्क आहे असे म्हटले.

पण भोके मोठी आहेत. दोन स्त्रियांचे एकत्र राहणे हे 'विवाहासारखे नाते' धरायचे की नाही हे कायद्यात लिहिलेले नाही, आणि 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क नाकारला. दोन पुरुषांच्या घराला तर हा कायदा शिवतच नाही. तिथे साधी दुखापत, धाकदपटशा, डांबून ठेवणे, खंडणी, ही फौजदारी कलमे काय ती उरतात. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली आणि तिच्यात 377 कलमच राहिले नाही. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते 2018 मध्येच रद्द झाले होते आणि ते बरेच झाले. पण जबरदस्तीपुरते जे उरले होते तेही गेल्यामुळे प्रौढ पुरुषावरील बलात्काराला आज वेगळे कलम नाही. पारलिंगी व्यक्तींसाठीच्या 2019 च्या कायद्यात छळाला सहा महिने ते दोन वर्षे एवढीच शिक्षा लिहिली गेली. घर म्हणजे रक्ताचे, लग्नाचे किंवा दत्तकाचे, अशी व्याख्या त्यात केली गेली. ज्या घराने हाकलले त्याच घरात राहण्याचा हक्क दिला गेला, आणि ज्या घराने आसरा दिला त्याला कागदावर जागाच मिळाली नाही.

लोहियांच्या सप्तक्रांतीत पहिली क्रांती स्त्री-पुरुष समतेची आहे, आणि खाजगी जीवनात अन्यायी हस्तक्षेप होऊ नये हेही सातांपैकी एक कलम आहे. काही जुने साथी या दुसऱ्या कलमाकडे बोट दाखवून म्हणतात, की कोणाच्या शेजघरात आपण डोकावू नये. खरे आहे. माणसाने कोणावर प्रेम करावे हे सरकारने, जातीने, पक्षाने ठरवू नये. र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य'मधून वाचकांच्या अशा प्रश्नांना कोरडी, शास्त्रीय उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर खटला झाला आणि 1934 साली डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, ते याच तत्त्वासाठी. पण खाजगीपण माणसाचे असते, घराच्या भिंतींचे नसते. भिंतींना ते बहाल केले की आत जो बलवान आहे त्याचेच राज्य होते. मारणाऱ्याला खाजगीपणाचा आसरा देऊन लोहियांचे नाव घेता येणार नाही.

आणि आता अहेरी. या जिल्ह्यातल्या स्त्रियांना घरातल्या मारझोडीशी कसे लढावे हे कोणी शिकवायला नको. 1993 साली इथे दारूबंदी आली ती गावोगावच्या बायांनी रान उठवले म्हणून. दारूच्या निमित्ताने नवऱ्याचा मार ओसरीवर आला, ग्रामसभेत आला, पंचांना त्यावर बोलावे लागले. पण साथींनो, हीच पद्धत जशीच्या तशी इथे लावली तर घात होईल. विवाहित बाईचा संसार गावाला माहीत असतो. तिच्या दारात पन्नास बाया जमल्या तर मारणाऱ्याला लाज वाटते. ज्या दोघांचे नाते गावाला माहीतच नाही, त्यांच्या दारात पन्नास माणसे जमली तर मार खाणाऱ्याचेच सर्वस्व जाते. ज्या जिल्ह्यात अजून जादूटोण्याच्या संशयावरून माणसे मारली जातात, तिथे 'हा वेगळा आहे' एवढी कुजबूजही पुरते. आदिवासी समाज मोकळा आहे, गोटुलची परंपरा आहे, तिथे असे काही नसणार, हे शहरी कौतुकही मला पटत नाही. तरुण-तरुणींच्या भेटीगाठींना मोकळीक असलेल्या समाजातही लग्न ठरण्याची वेळ आली की थोरांचा शब्द चालतोच.

म्हणून इथे काम गुपचूप करायला शिकले पाहिजे, आणि उघड काम करणाऱ्यांना ते जड जाते. कोणी आपल्याकडे आले तर त्याचे नाव, त्याच्या जोडीदाराचे नाव, ते काय आहेत हे आपल्या तोंडून तिसऱ्याला कळता कामा नये. पक्षाच्या तालुका समितीलासुद्धा नाही. दोघांना समोरासमोर बसवून तडजोड घडवण्याची आपल्याला खोड आहे. ती इथे सोडावी. मारणाऱ्यासमोर मार खाणारा खरे बोलत नाही, आणि घरी गेल्यावर त्या बोलण्याची वसुली होते. बोलायचे ते एकेकट्याशी. 'घर सोड' असा हुकूमही आपण देऊ नये; ते ठरवणे त्याचे आहे. पण निघायचे ठरले तर आजची रात्र कुठे, याचे उत्तर आपल्याकडे तयार हवे. गडचिरोली इथून शंभराहून अधिक किलोमीटर, शेवटची एस. टी. गेली की माणूस अडकला. प्रत्येक तालुक्यात विश्वासाची दोन घरे ठरवून ठेवावीत, एवढे तरी आपल्या हातात आहे. आधार कार्ड, जातीचा दाखला, बँकेचे पुस्तक यांच्या प्रती आधीच एका विश्वासू माणसाकडे ठेवायला सांगावे. जखम असेल तर उपजिल्हा रुग्णालयात तिची नोंद करून घ्यावी आणि सोबत एकाने जावे. गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही.

मारणाऱ्याचे काय, असेही कोणी विचारील. तोही बहुधा आपल्याच ओळखीतला असेल, कदाचित आपल्याच मोर्च्यातला. त्याला वाळीत टाकून प्रश्न सुटत नाही, कारण तो दुसऱ्या गावी जाऊन दुसरे घर मांडतो. त्याच्याशी कोणीतरी कठोरपणे आणि पुन्हा पुन्हा बोलत राहिले पाहिजे, आणि तो बदलेपर्यंत संघटनेतले पद त्याच्याकडे राहू नये. हे दोन्ही एकाच वेळी करणे कठीण आहे. आपण ते नवऱ्यांच्या बाबतीतही नीट केलेले नाही.

प्रतिबंध म्हणावा असे जे काम आहे ते मात्र वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी सुरू होते. आश्रमशाळा आणि वसतिगृहे आपल्या भागात पुष्कळ आहेत. तिथल्या मुलामुलींना 'प्रेम म्हणजे संशय घेणे नव्हे, मोबाइल तपासणे नव्हे' एवढे जरी कोणी सांगितले, आणि सांगताना उदाहरणातली जोडी दर वेळी मुलगा-मुलगीचीच ठेवली नाही, तर वर्गात मागे बसलेल्या एखाद्याला पहिल्यांदा कळेल की आपल्यालाही कोणी मारू नये असा नियम आहे.

शेवटी एक कामाची गोष्ट. विधी सेवा प्राधिकरणाच्या 1987 च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या कोणाही व्यक्तीला, मग ती पुरुष असो वा पारलिंगी, फुकट वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करायचा. त्यात भांडणाचे मूळ सांगावे लागते, नात्याचे नाव सांगितलेच पाहिजे असे नाही. संरक्षण अधिकाऱ्याकडे द्यायच्या कौटुंबिक घटना अहवालाचे कोरे नमुने मी बरोबर आणले आहेत. उद्या सकाळच्या सत्रात ते भरून पाहू. भामरागड, एटापल्ली आणि सिरोंच्याच्या साथींनी प्रत्येकी दहा प्रती नेल्या तर बरे होईल, कारण तिथून परत प्रती मागवायला आठवडा जातो.